ऐकणाऱ्याचा चेहरा

मुलाखत संपवून लॅडी कुबिचेक खुर्चीतून उठला, तेव्हा अख्खं स्वयंपाकघर त्याच्याकडे नवरदेवाकडे बघावं तसं बघत होतं. त्याचा थोरला भाऊ एमिल तेवढा दाराला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. सकाळपासून त्याच्या पोटात जळत होतं, आणि त्यात बायकोने, लिबीने, केलेल्या खसखशीच्या कोलाचांचा, म्हणजे गोड पावांचा, काही दोष नव्हता.

गावात बाळ जन्मलं की लॅडी त्याच्यासाठी लाकडाचा झुलता घोडा करून द्यायचा, फुकट. एवढ्यासाठी एव्हरेट कोल आपली मोठी गाडी घेऊन नेब्रास्काच्या या कोपऱ्यात आला होता. देशभर हिंडून साध्यासुध्या माणसांच्या गोष्टी टीव्हीवर सांगणारा हा माणूस. तो समोर बसला की मुकी माणसंसुद्धा बोलायला लागतात, असं लोक म्हणत. एमिलला मात्र आज कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे लिबीने विचारलं होतं, कॉफीला दूध पुरेल का म्हणून.

"आता तुमचं ऐकणं घेऊ," कॅमेरावाला एव्हरेटला म्हणाला.

कॅमेरा एकच. आधी बोलणाऱ्याचा चेहरा घ्यायचा, मग कॅमेरा फिरवून ऐकणाऱ्याचा, आणि नंतर दोन्ही जोडायचे. पण लॅडी तर केव्हाच बाहेर पोरांना घोडा दाखवायला गेला होता.

"कोणीतरी बसा हो समोर, यांची नजर एका जागी राहायला. आजोबा, तुम्ही बसता?"

आजोबा म्हटल्याचा राग गिळून एमिल बसला. "बोलू काय?"

"काहीही. आवाज घेतच नाही आपण."

खरंच, आवाजवाल्याने कानांवरचे हेडफोन काढून तोंडात कोलाच कोंबला होता.

एव्हरेट पुढे झुकला. एमिलकडे इतकं नीट त्याच्या उभ्या जन्मात कोणी पाहिलं नव्हतं.

"लॅडी घोडे कोरत बसतो, तेव्हा त्याच्या गाईंच्या धारा मी काढतो," एमिल म्हणाला.

एव्हरेटने मान हलवली.

"त्या घोड्यांची लाकडंही मीच आणतो. ते विचारलं कोणी?"

मान पुन्हा हलली. मग एमिलचा आवाज खाली आला.

"एकोणीस वर्षांचा होतो. ओमाहाच्या रेडिओवर पोल्का, म्हणजे नाचाची गाणी, वाजवणारा एक बँड होता, त्यांनी मला बोलावलं होतं, अ‍ॅकॉर्डियनवर. निघायच्या आधी वडील कोठाराच्या छपरावरून पडले. लॅडी तेव्हा एवढासा. राहिलो मग. अ‍ॅकॉर्डियन देऊन टाकलं. पण अजून धार काढताना माझी बोटं पोल्काच वाजवतात. लिबीलासुद्धा माहीत नाही हे."

एव्हरेटची मान हलायची थांबली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मिळालं," कॅमेरावाला म्हणाला. "झकास."

एव्हरेटने एमिलचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि तो लॅडीच्या घोड्यांकडे गेला.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम लागला तेव्हा लॅडीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर लॅडी सांगत होता की मूल कोणाचंही असो, घोडा तसाच होतो. मग एव्हरेटचा चेहरा आला. डोळे भरलेले.

"रडवलंस की रे त्याला," लिबी नाक पुसत दिराला म्हणाली. कोणी लॅडीच्या पाठीवर थाप मारली.

एमिलच्या अंगाचा तिळपापड झाला. घोडे लॅडीचे, कौतुक लॅडीचं, आणि आता तो भरून आलेला चेहराही लॅडीलाच.

"ते माझं आहे," तो म्हणाला. मोठ्याने म्हणायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

"काय तुझं?" लिबीने विचारलं.

"त्याचं रडणं. तेव्हा मी बोलत होतो."

शेजारचा ओटो फिसकन हसला. "निदान आजचा दिवस तरी त्याच्या पदरात पडू दे की, एमिल."

लॅडी मात्र हसला नाही. पडद्यावरचा लॅडी अजून बोलत होता, पण खोलीतला लॅडी भावाकडे वळून बसला.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "माझ्यासमोर तर तो नुसता हसत होता. तू काय सांगितलंस त्याला?"

सगळ्या माना एमिलकडे वळल्या. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी तो टीव्ही बंद कर."