मंचाखालचे रांजण

दुपारी चारला इंजिनियरसाहेबांनी लातूरच्या जुन्या गायनसभागृहात टाळी वाजवली आणि तिचा घुमारा परत आलाच नाही. नवा जिल्हा होऊन दुसरा उन्हाळा, आणि दोन्ही दुष्काळाचे. साहेबांना मदतीचं धान्य ठेवायला जागा हवी होती. "आवाजच घुमत नाही, मग गोदामच करू," ते म्हणाले.

राखणदार ईश्वरप्पा पुढं आला. "थांबा साहेब. आवाज घुमावा म्हणूनच बांधणाऱ्यानं या मंचाखाली रिकामे रांजण पुरल्यात. त्यात कचरा गेला आसंल."

फळ्या उचलल्या. सगळे रांजण गार पाण्यानं काठोकाठ भरलेले होते. गल्लीत कित्येक दिवस टँकर फिरकला नव्हता.

"आलं कुठून, ते मागून बघा," ईश्वरप्पाची बायको मल्लम्मा म्हणाली. "आधी गिलास द्या. का त्यालाबी साहेबाची सही लागती?"

पहिला गिलास त्यानं तिलाच दिला. ती घटाघटा प्याली. मग गल्लीतल्या बायकांनी घागरी भरभरून रांजण कोरडे केले.

"आता ऐका, साहेब," म्हणत ईश्वरप्पानं जोरात टाळी वाजवली. सभागृह गप्पच राहिलं.

टाळीचा घुमारा आला तो त्याच्या पाठीमागून, मल्लम्माच्या मिटलेल्या ओठांआडून.

टँकर अजून आलेला नाही. भरलेल्या घागरी दारादारांत तशाच आहेत, त्यांना कुणी तोंड लावलेलं नाही, आणि मल्लम्माला पुन्हा तहान लागली आहे.