समोरचं सलून

विश्वासघाताला माफी नसते, यावर सलूनवाला दुपारपर्यंत ठाम होता. ज्या भाच्याच्या हाती त्याने कात्री दिली, त्यानेच आज न सांगता समोर सलून उघडलं. सकाळपासून तिथे कुत्रंही फिरकलं नव्हतं. भाचा रिकामी खुर्ची पुन्हापुन्हा पुसत होता. “बरी जिरली!” डबा उघडत बायको म्हणाली. “मग तुमचं तोंड का उतरलंय?” “त्याचं वाईट वाटतंय,” तो चिडून म्हणाला. “त्याने दगा दिला तो दिलाच, आता माझं मनही त्याला जाऊन मिळालंय!” “जाऊन या ना.” “मेलो तरी जाणार नाही!” म्हणत त्याने चपला घातल्या. समोरच्या खुर्चीत तो बसला, सगळ्या रस्त्याला दिसेल असा. “काय करू, मामा?” “कटिंग. बोलायचं नाही, राग गेलेला नाही माझा.” भाचा कापड बांधून, कात्री उचलून नुसता उभा राहिला. मामाला लग्नाआधीपासून टक्कल होतं.