नंदकिशोरची ओंजळ

"आधी फोन द्या इकडे," वैजयंती म्हणाली.

नंदकिशोरने दिला. तिने तो बंद केला, आपल्या मांडीखाली ठेवला आणि मगच फाईल उघडली. डाव्या स्तनात गाठ होती. गाठ वाईट होती. मंगळवारी सकाळी पनवेलच्या हॉस्पिटलात ऑपरेशन होतं. सोबत तळमजल्यावरच्या चांगुणाबाई येणार होत्या. नंदकिशोरने यायचं नव्हतं. हे सगळं तिने भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं.

नवऱ्याने का यायचं नाही, असं त्याने विचारलं. हा प्रश्न पडायला नंदकिशोरच असावं लागतं.

नंदकिशोर साळवेने कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं वजनकाट्यावर काढली होती. निवृत्त झाल्यावर त्याला देव दिसू लागला, आणि तो सगळीकडेच दिसू लागला. दूध उतू गेलं की त्यात माणसाचा राग दिसायचा. टँकर आला नाही की जिवंत पाण्याची आठवण व्हायची. एकदा लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे अडकली. आत एक बाई रडत होती. तिला धीर द्यायचं सोडून त्याने पृथ्वी आणि स्वर्ग यांच्यामध्ये लटकलेल्या जिवावर टिपण काढलं. रोज सकाळी सात वाजता हा माल 'आजची ओंजळ' या नावाने चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर पडायचा. सहा मिनिटांचा ऑडिओ. चौथ्या सेकंदाला पहिलं आमेन यायचं. साळवेभाऊंना निरीक्षणाचं दान आहे, असं पाळकसाहेब म्हणत. ते स्वतः ऐकत नसत, पुढे पाठवत.

प्रत्येक ओंजळीत एक मूर्ख माणूस लागायचा. तो घरातच होता. किल्ली विसरली ती वैजयंती. मीठ जास्त पडलं ते वैजयंतीच्या हातून. रविवारी उपासना संपली की बायका तिला हसून विचारायच्या, या आठवड्यात काय सांडलंत?

हेही तिने सोसलं. मग तिची आई गेली. दफनभूमीत पेटी खाली सोडताना एका बाजूचा दोर सुटला आणि पेटी वाकडी आदळली. तेव्हा वैजयंतीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आसपासच्यांनी पुन्हा कधी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नंदकिशोर ग्रुपवर सांगत होता, की दोर सुटेल, पण प्रभूचा हात सुटणार नाही. त्या दिवशी सगळ्यांत जास्त आमेन आली.

आताही त्याचं म्हणणं होतं, की त्यातून लोकांना केवढं समाधान मिळालं.

"प्रभू मित्राच्या कबरेपाशी गेला, तेव्हा आधी रडला," वैजयंती म्हणाली. "तुम्ही आधी फोन काढला होतात."

कोणाला काही सांगणार नाही, असं वचन त्याने दिलं आणि पाळलंही. पण डोकं थांबेना. मंगळवार उजाडेपर्यंत त्या गाठीवर त्याला तीन प्रवचनं सुचली होती. तिसरं तर फारच चांगलं होतं. भांडी घासता घासता त्याने ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. नंतर तिला चहा नेऊन देताना त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मंगळवारी दोघी रिक्षाने गेल्या. तो मागून दुसऱ्या रिक्षाने गेला आणि ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन उभा राहिला. चांगुणाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कशाला आलात? हितं भाषन नाय हाय," त्या म्हणाल्या आणि औषधं आणायला खाली गेल्या.

तेवढ्यात सिस्टरने दार उघडून विचारलं, वैजयंती साळवेंचं कोण आहे. दुसरं कोणी नव्हतं म्हणून तो पुढे झाला. तिने त्याच्या हातात प्लास्टिकची डबी ठेवली. आत वैजयंतीची वरची कवळी होती. भूल द्यायच्या आधी ती काढावी लागते. दार पुन्हा बंद झालं.

तो बाकावर बसला. सवयीने त्याने कवळीकडे बघून सुरुवात केली. नश्वर देह. उसने दात. पुढे काही येईना. एका दाताचा टवका उडालेला होता. तो कधी उडाला, त्याला माहीत नव्हतं. ती किती दिवस त्या बाजूने चावत नसेल, तेही माहीत नव्हतं. हे तिचे दात होते. ते कशाचंच उदाहरण नव्हते. ती आतून परत आली नाही, तर हे दात घेऊन त्याला एकट्याला करंजाड्याच्या घरी जायचं होतं. डबी हातातल्या हातात खडखडायला लागली. चांगुणाबाई परत आल्या, शेजारी बसल्या आणि त्यांनी ती डबी त्याच्या हातासकट घट्ट धरली.

दुपारी वैजयंतीला वॉर्डात आणलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. उशाशी स्टुलावर चांगुणाबाई होत्या. पायथ्याशी तो उभा होता. कवळीवाचून तिचे गाल आत गेले होते. नजर मात्र शाबूत होती.

"काय धडा काढलात?" तिने बोळक्या तोंडाने विचारलं.

"काही नाही निघाला," तो म्हणाला. "भीती वाटली गं. नुसती भीती वाटली."

वैजयंती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने उशीवर मान वळवली.

"चांगुणाबाई, तुम्ही आता घरी जा," ती म्हणाली. "माझा माणूस आलाय."