इटलीतला वाटाड्या

सोनईच्या गोजरबाईचा नवरा सहादेव महायुद्धात इटलीत पडला, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. १९७२ साली तिथल्या रणभूमी दाखवायला सैनिकांच्या घरच्यांची सहल निघणार असं कळलं, तेव्हा तिनं हट्टानं यादीत आपलं नाव घातलं.

यादी करणारे सुभेदार राधाकृष्ण हे सहादेवचे जिवलग दोस्त. त्याला अग्नी आपणच दिला, असं ते तिला सांगत आले होते. त्यांनी तिचं नाव दोनदा खोडलं.

"वहिनी, तिकडं लई थंडी हाय. तुमाला झेपायचं न्हाई."

"भाऊजी, मला फकस्त ती जागा दावा. हात जोडून माघारी येते."

निघायच्या महिनाभर आधी तिकडच्या वाटाड्याचा फोटो टपालानं आला. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी सोबतचं पत्र वाचलं, "युद्धानंतर इथंच स्थायिक झालेले. मराठी उत्तम बोलतात."

गोजरबाईनं फोटो हातात घेतला. गोऱ्या बायकोशेजारी, नातवाला कडेवर घेऊन सहादेव हसत उभा होता.

तिनं फोटो सुभेदारांपुढं धरला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.



"वहिनी, त्यानंच शपथ घातली हुती मला."