करपलेल्या शिरोचं पुण्य

शिरो, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं कालवण, तळाला करपला होता आणि वरून कच्चा होता. एकाच भांड्यात हे दोन्ही कसं जमतं, याचा वोंदिमू शिंपी विचार करत उभा होता. प्रार्थनेला जाताना त्यानं सगळं रीतसर केलं होतं. कांदा परतला, तिखट टाकलं, हरभऱ्याचं पीठ भुरभुरलं आणि भांडं मंद निखाऱ्यावर ठेवलं. लक्ष ठेवायला बायको होती. परत येऊन बघतो, तर हे.

तेवढ्यात दारात गावचे पाद्री अब्बा मेलाकू उभे राहिले. हातात क्रूस, नाकाला उपरणं.

"घर पेटलंय का रे?"

"नाही अब्बा. स्वयंपाक चाललाय."

"काल शेजारीण बादली घेऊन धावत आली होती," कोपऱ्यातून त्याची बायको झेवदितू म्हणाली. ती पाय पसरून सूत कातत होती. लग्न झाल्यापासून दुपारी पाय पसरायची तिची ही पहिलीच वेळ.

हे सगळं अब्बांनीच लावून दिलेलं. ईस्टरआधीचा, मांस-दूध वर्ज्य असलेला मोठा उपास लागला की अख्खं देबरे बिऱ्हान गाव मटणाच्या आठवणीनं सुस्कारे टाकतं. वोंदिमू मात्र वर्षभर याच दिवसांची वाट बघायचा. झेवदितूच्या हातचा तिखटजाळ शिरो मातीच्या भांड्यात रटरटत यायचा, इंजेराच्या, म्हणजे आंबवलेल्या भाकरीच्या, मऊ तुकड्यात गुंडाळून तोंडात जायचा, आणि वोंदिमूचे डोळे आपोआप मिटायचे. यंदा असेच डोळे मिटलेले असताना त्याच्या मनात आलं. उपासात एवढी मजा येत असेल, तर हा उपास कसला? उद्या देवानं विचारलं, बाबा, तू काय सोडलंस, तर काय सांगायचं? तो धावत अब्बांकडं गेला. अब्बा म्हणाले, "बायकोच्या हातचं बंद. स्वतः शिजव, स्वतः खा. जिभेचा माज उतरला की मी सांगेन."

म्हणून तर अब्बा आज आले होते.

"उतरला का माज?"

"अब्बा, माज कधीच उतरला. आता दात उतरायला लागलेत."

"सगळे असंच म्हणतात," अब्बा म्हणाले.

"मग तुम्हीच बघा."

वोंदिमूनं इंजेराचा तुकडा तोडला, शिरोत बुडवला, गुंडाळला आणि अब्बांच्या तोंडाशी धरला. आता आमच्याकडं भरवलेला घास नाकारत नाहीत. नाकारला तर नातवंडांपर्यंत वैर चालतं. अब्बांनी एकदा क्रूसाकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. आत कुठंतरी पिठाची गुठळी फुटली. अब्बांच्या दाढीतून कोरडं पीठ धुरासारखं बाहेर आलं.

"अहो, एकच घास कसला भरवता? अपशकुन होतो," झेवदितू म्हणाली.

दुसरा घास गेला.

"आणि दोनावर कोणी थांबतं का?"

तिसराही गेला. अब्बांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते तांब्याभर पाणी प्यायले. मग भांड्यात डोकावले.

"लेका वोंदिमू," ते हळूच म्हणाले, "सगळा जन्म मी लोकांना प्रायश्चित्तं देतोय. जप सांगितला, साष्टांग नमस्कार सांगितले. एक माणूस सुधारला नाही. आणि ही वस्तू इथं वाया चाललीय!"

"म्हणजे मी सुटलो?"

"भांडं मोठं घे."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात पाप्यांची रांग लागली. चुगलीला एक घास, खोट्या वजनाला दोन, शेजाऱ्याच्या गाढवावर डोळा ठेवला तर तीन. वोंदिमू सकाळी शिजवायचा, झेवदितू "मी बघते हं भांड्याकडं" म्हणायची, तो प्रार्थनेहून यायचा आणि पापी आ करून उभे राहायचे. गावात असा खरा पश्चात्ताप कधी कोणी पाहिला नव्हता. कोळशाच्या पोत्यातले दगड नाहीसे झाले. एका भिंतीवरून भांडणारे दोघे भाऊ एकाच दिवशी आले आणि एकमेकांना धरून पाण्याच्या मडक्यापर्यंत गेले.

वोंदिमू मात्र वाळत चालला. लोक एखादा घास खाऊन सुटायचे, उरलेलं भांडं त्याच्या वाट्याला. स्वप्नातसुद्धा त्याला झेवदितूचा शिरो रटरटताना ऐकू यायचा.

अखेर ईस्टरआधीच्या रविवारी येणाऱ्या होसाना सणाच्या आदल्या दिवशी अब्बा म्हणाले, "बास झालं. माज गेला तुझा. एवढी रांग संपव आणि आज बायकोच्या हातचं जेव."

वोंदिमूनं भराभर घास भरवले. चुगली, चुगली, वजन, गाढव, चुगली. शेवटच्या तोंडाशी घास नेला आणि त्याचा हात थांबला. समोर झेवदितू उभी होती. पांढरी शाल डोक्यावर, मान खाली.

"तू? तुला कुणी पाठवलं?"

"अब्बांनीच. काल सगळं सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"तुम्ही प्रार्थनेला गेलात की रोज मी भांड्यात मूठभर कोरडं पीठ टाकत होते. आणि खाली निखारे फुंकत होते."

वोंदिमूनं हातातल्या घासाकडं पाहिलं. इतक्या दिवसांच्या सगळ्या गुठळ्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"का गं?"

झेवदितूनं डोळे मिटले आणि घासासाठी तोंड उघडण्याआधी एवढंच म्हणाली, "पहिल्या दिवशी चाखला होता मी. माझ्याहून चांगला झाला होता."