चौदा दिवसांची साक्ष

"तू होतास ना तिथं. तुह्या सहीशिवाय होत नाई," रामाजी म्हणाला आणि अर्ज दसरूच्या बाजेवर ठेवून समोर उकिडवा बसला.

दसरूनं अर्ज वाचला. एकाहत्तरच्या लढाईचं पदक, पूर्वी स्टार, आपल्या फौजेतल्या रेकॉर्डात नोंदवावं, अशी रामाजीची विनंती होती. पदकं वाटली तेव्हा तो मलेरियानं इस्पितळात होता. पुढं बदली झाली आणि नोंद राहून गेली. आता चंद्रपूरच्या सैनिक कल्याण कार्यालयानं सोबतच्या जवानाची साक्ष मागितली होती. लढाईच्या दिवसांत रामाजी कुठं होता, तेवढं लिहून हवं होतं.

सत्तावीस वर्षांनी त्याचं काय करतोस, असं दसरूनं विचारलं. आपल्यामागं कागदात चूक राहू नये, एवढंच रामाजी म्हणाला. दसरूनं दोन दिवस मागून घेतले.

रामाजीकडं सगळंच होतं. त्याच्या हातची वांग्याची भाजी असल्याशिवाय गावात लग्न पार पडत नसे. पार चामोर्शीहून माणसं त्याला न्यायला येत. पानठेल्यावर तो आला की लोक सरकून जागा करत. दसरू आला की जयभीम घालून गप्प होत. बायनाबाई, दसरूची स्वतःची बायको, भाजी चाखताना म्हणायची की रामाजीभाऊच्या हाताची सर काही येत नाही. दसरू ताट बाजूला सारायचा.

दसरूकडं एकच गोष्ट जास्त होती, ती म्हणजे पदक. सव्वीस जानेवारीला शाळेत सरपंचाच्या शेजारी त्याची खुर्ची मांडली जाई. नदीपल्याडच्या गोळीबाराची हकीकत गुरुजी पोरांना रंगवून सांगत, आणि दसरू ती मान खाली घालून ऐके. रामाजी मागं लिंबाखाली उभा राहून टाळ्या वाजवी. फौजेचं कुणी विचारलंच तर हसून म्हणे, "मी तं रोट्याच शेकल्या बाप्पा." त्या टाळ्यांवर दसरूचं वर्ष निघे.

आता शेजारी दुसरी खुर्ची मांडली जाईल. त्याच उंचीची. आणि लोक बघतील तिच्याकडंच.

पदक लढणाऱ्यालाच मिळतं, असं गाव समजत होतं. सत्तावीस वर्षं ऐकून ऐकून दसरूलाही ते खरं वाटू लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं दार लोटून घेतलं आणि लिहायला बसला. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, असं त्यानं ठरवलं. खोट्याची गरजही नव्हती. तीन डिसेंबर ते सोळा डिसेंबर, एकेका तारखेची एकेक ओळ त्यानं लिहिली. रामाजी लंगरातून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकाच्या तंबूतून, हलला नाही. रामाजीनं बटाटे सोलले. नऊ तारखेला रामाजीच्या हातून डाळ करपली. तोफांचा आवाज येई, पण तो नदीच्या पलीकडून. शेवटी त्यानं जोर देऊन लिहिलं: रामाजीनं चौदा दिवसांत बंदूक हातात धरली नाही, हे मी रोज माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सही केली. लिफाफा डिंकानं चिकटवला आणि वरून दोनदा अंगठा फिरवला.

चंद्रपूरला तिघं गेले. दसरूचा मुलगा प्रफुल शाळामास्तर होता, कचेऱ्यांची रीत त्याला ठाऊक, म्हणून तोही आला. मूल गावी बस बदलताना रामाजीनं दसरूला खिडकीची जागा दिली आणि चहा आणून हातात ठेवला. आपल्यासाठी एवढ्या लांब कोण येतं, असं तो प्रफुलला दोनदा म्हणाला. दसरू खिडकीबाहेर बघत राहिला. लिफाफा खिशात टोचत होता.

कार्यालयातला कारकून मुबीन तरणा आणि कामसू होता. त्यानं लिफाफा फोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागला. लंगर आला. बटाटे आले. डाळ करपल्याची ओळ आली तेव्हा रामाजी मान हलवून हसला. बंदुकीची ओळ आली तेव्हा दसरूनं नजर टेबलाच्या पायावर ठेवली आणि नकाराची वाट पाहू लागला.

"वा जी, काम झालं," मुबीन म्हणाला. त्यानं समजावून सांगितलं की त्या तारखांना त्या पट्ट्यात जो जो होता, त्याला हे पदक आहे. हातात बंदूक होती की पळी, हे कुणी विचारत नाही. रामाजी तिथं हजर होता, एवढंच सिद्ध व्हायला हवं होतं. इतकी तारीखवार साक्ष त्यानं आजवर पाहिली नव्हती. तो उठून शिक्का आणायला आत गेला.

रामाजीनं दसरूचा हात दोन्ही हातांत धरला. दसरूला तो सोडवून घेता येईना.

प्रफुलनं टेबलावरचा कागद उचलला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचला. मास्तराची सवय, त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "बाबा," तो म्हणाला, "तुमी तं नदीपल्याड लढत होते ना? मंग रामाजीकाकाले रोज कसे पाहत होते?"

लंगराच्या तंबूत कणकेच्या दोन पराती होत्या. एक रामाजीची. दुसरीवर चौदाही दिवस कोण बसला होता, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि ती दोन्ही या खोलीत होती.

"जेवाले येत होता ना तो मोर्च्यावरून," रामाजी म्हणाला. "मीच वाढत होतो त्याले."