हजारापुढचं झाकण

"प्रेसपुढची जाळी काढ," मालक म्हणाला.

फिटरनं पान्हा घेतला, पण तो तसाच उभा राहिला. "साहेब, जाळी काढली तर हात थेट प्रेसखाली जातो."

"जाळीपायी डब्याच्या दर झाकणामागं दोन सेकंद जातात. भाडं तेच, मशीन तेच. वाढीव झाकण जवळजवळ फुकटात पडतं, कळतंय का?"

"दिवसाला हजारापर्यंत पडत होतं. अकराशेला दुसरा माणूस लावावा लागला. बाराशेला कापायची डाय फुटली, नवी आणली. आता तेराशे म्हणताय. पुढचं प्रत्येक झाकण आधीच्यापेक्षा महाग पडतंय, साहेब."

"मला शिकवू नकोस."

जाळी निघाली. प्रेसवर दोघं सख्खे भाऊ होते. थोरला पत्रा सरकवायचा, कापलेलं झाकण ओढून घ्यायचा. धाकटा पायानं पेडल दाबायचा. मालक शेजारीच उभा होता. "हात चालवा! जोरात!"

पत्रा, पाय, धाडकन. पत्रा, पाय, धाडकन. दुपारी तीनच्या सुमारास एक पत्रा तिरका बसला. थोरल्यानं तो सरळ करायला हात घातला. धाकट्याचा पाय सवयीनं खाली गेला.

प्रेस वर उचललं गेलं तेव्हा थोरल्याची चार बोटं पत्र्यात चेपून राहिली होती. रक्त धाकट्याच्या चपलेवर गळत होतं.

"अरे, लक्ष कुठं होतं तुझं?" मालक थोरल्यावर खेकसला.

धाकट्यानं मालकाची मानगूट धरली. दोन गुद्दे तोंडावर बसले, एक दात पडला. मग त्यानं मालकाचा उजवा हात पिरगाळून डायवर दाबून धरला आणि पाय पेडलवर ठेवला.

"आता सांगा. पुढचं झाकण कितीला पडतं?"

मालक गयावया करू लागला. मध्ये पडायची फिटरची छाती झाली नाही.

"पाय काढ," थोरला म्हणाला. हात शर्टात गुंडाळलेला, चेहरा पांढराफटक. "मला उभं राहवत नाही रे. आधी दवाखान्यात ने."

धाकट्यानं पाय बाजूला घेतला, भावाला खांद्यावर टाकलं आणि दाराकडे धावला.

फिटरनं स्विच बंद केला. चाक घरघरत थांबलं. मालक प्रेसच्या पायथ्याशी बसला होता. तोंडातून रक्त येत होतं, तिकडं त्याचं लक्षच नव्हतं. डाव्या हातानं तो उजव्या हाताचं एकेक बोट चाचपून बघत होता.